मधलं मंडल

म्हपूजेच्या संध्याकाळी तीर्थमान ताम्राकार हातपाय धुऊन माडीवर आला आणि सवयीने जमिनीवर पिठाने काढलेली मंडलं मोजायला लागला. दिवाळीत सुरू होणाऱ्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या देहाची पूजा, म्हणून थोरल्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाचं एक मंडल, आणि शेवटची दोन यमराजाची नि यमदूताची. तो, बायको रत्नमाया, मुलगा सुजन, सून रेजिना आणि ते दोघे, म्हणजे सहा. आज सात भरली.

तांब्याची भांडी ठोकण्यात जन्म गेला होता त्याचा, नजर चुकायची नाही. जास्तीचं मंडल रत्नमाया आणि सुजनच्या मध्ये होतं, थोरल्या लेकीच्या जागी.

सुनकेशरी श्रावणात सासर सोडून आली होती, कायमची. तेव्हापासून तीर्थमान तिच्याशी अवाक्षर बोलला नव्हता. दिलेल्या लेकीचं मंडल सासरच्या जमिनीवर, हा त्याचा हेका. ते इथे काढलं, तर ती परत जाणार नाही हे घराने मान्य केल्यासारखंच होतं.

"हे कोणाचं?"

"यमदूताचं," पिठाचा हात न थांबवता रत्नमाया म्हणाली.

"दोन-दोन यमदूत?"

"एक तुम्हाला न्यायला, एक मला. तिकडेही तुमच्याबरोबर जायची हौस नाही मला."

रेजिनाने हसू दाबलं. तीर्थमान धुसफुसत आपल्या जागी बसला.

पूजा सुरू झाली. गळ्यात मखमली फुलांच्या माळा आल्या, पुढ्यात अक्रोड आणि म्हाळुंग. रत्नमायाने सगळ्यांच्या लांब वाती पेटवल्या, मधल्या मंडलावरचीही. आता मंडलं झाडून घेईपर्यंत कोणी उठायचं नव्हतं.

सुनकेशरी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. हातात शकुनाच्या अंड्यांचं आणि तळलेल्या माशांचं ताट. वाती तिनेच वळल्या होत्या, अक्रोडही तिनेच निवडले होते. रिकाम्या जागेकडे तिने एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

वात जळत चालली. तीर्थमानने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच बघत राहिला. माणूस सातासमुद्रापार असला तरी त्याचं मंडल काढतात. काढत नाहीत ते फक्त मेलेल्याचं. दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, दिवसांत जावयाचा फोन आला होता. "आमच्या लेखी ती मेली," एवढं बोलून त्याने ठेवला. तीर्थमानने ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं. उलट त्या दिवशी लेकीचाच राग राग केला होता. म्हणजे तिकडे तिचं मंडल नाही, आणि इथेही नको म्हणणारा आपण. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

उठून तिला हाताला धरून आणावं, तर उठता येत नव्हतं. बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"केशरी," घसा खाकरून तो म्हणाला. "तुझी वात संपत आली. ये, बस."

ती जागची हलली नाही. "यमदूताची आहे ना ती, बा?"

"त्याला राहू दे जिन्यात उभा," तीर्थमान म्हणाला. "तू आत ये."

ती आली, ताट आईपुढे ठेवून मंडलासमोर बसली. रत्नमायाने नवऱ्याकडे बघितलंही नाही. पहिलं अंडं तिने लेकीच्या हातावर ठेवलं.