खडूच्या चित्राला काच

अप्पांनी आयुष्यभर रस्त्यांचे नकाशे काढले, त्यामुळे आपला डोळा चुकत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. त्या समजुतीपुढे घरात कुणाची डाळ शिजत नसे.

बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं तरुणपणचं एकच चित्र होतं, लग्नाच्या वर्षी अप्पांनीच खडूच्या रंगांनी काढलेलं. त्या दिवसांतला फोटो एकही नव्हता. खिडकीसमोर टांगून टांगून चित्र इतकं विटलं होतं, की गाल कुठे संपतो आणि मागची भिंत कुठे सुरू होते ते सांगावं लागे. आणखी काही वर्षांनी नुसता कागदच उरेल, या धास्तीने अप्पा ते काखेत मारून फ्रेमवाल्या बाईंकडे आले.

"मुलगी म्हणते, प्लॅस्टिकची काच बसवा. हलकी असते, फुटत नाही."

बाईंनी प्लॅस्टिकचा एक तुकडा कोरड्या फडक्याने खसाखसा पुसला, टेबलावर चिमूटभर खडूची पूड टाकली आणि तुकडा तिच्यावर धरला. पूड टुणकन उडून त्याला चिकटली.

"दर पुसण्याला काकू अशाच थोड्या थोड्या काचेवर येतील," बाई म्हणाल्या.

मुलीची सूचना तिथेच निकालात निघाली.

मग बाईंनी चित्र जुन्या फ्रेममधून काढलं आणि त्याच्यावर एकेक काच ठेवून दाखवली. साध्या काचेत अप्पांना स्वतःचं टक्कल आणि वरची ट्यूबलाइट दिसली. दुसरी खरखरीत होती. तिच्यात टक्कल गेलं, पण बायकोचे डोळेही धुरकटले. अप्पांनी नाक मुरडलं.

"तिसरी ठेवा."

"ठेवलीय."

थट्टा करते की काय, असं वाटून अप्पांनी बोट पुढे केलं. ते हवेतच कशाला तरी अडलं. त्यांनी पुन्हा बोट टेकवून पाहिलं. काच होती आणि दिसत नव्हती. समोर फक्त ती होती. इतक्या वर्षांत ती एवढी जवळ कधी आली नव्हती, आणि अप्पांना बोट मागे घ्यावंसं वाटेना.

"ही ऊनही अडवते," बाई म्हणाल्या. "पण गेलेला रंग परत येत नाही हं, आधीच सांगते."

"हीच बसवा."

माप घ्यायला बाईंनी काच बाजूला ठेवून चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट उचलली. तिच्याखाली, खालच्या कडेला, बोटभर रुंद पट्टा होता. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. चित्रात तिने पांघरलेल्या राखाडी शालीचा तेवढा काठ गर्द जांभळा होता, आत्ताच खडू फिरवल्यासारखा.

अप्पा तोंडाचा आ करून बघत राहिले.

"माझी ती शाल जांभळी होती," असं ती चाळीस वर्षं सांगत होती. दर वेळी अप्पा तिला हाताला धरून या चित्रासमोर उभं करायचे. "राखाडी. हा बघ पुरावा. मी काढलंय." शेवटी शेवटी तिने तो विषयच सोडला, आणि अप्पांनी त्याला आपली जीत मानलं. आपल्या हाताचा रंग आपल्यालाच आठवू नये, आणि तिने मात्र तो मरेपर्यंत जपावा, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की बसायला स्टूल शोधावं लागलं.

"नवी चौकट एवढीच रुंद करते," बाई म्हणाल्या. "पट्टा झाकला जाईल. नाहीतर विचित्र दिसेल, वर राखाडी आणि खाली जांभळं."

"अरुंद करा. तो दिसला पाहिजे."

"लोक विचारतील, काका."

"विचारू देत."

बाई पट्टी आणायला वळल्या. अप्पा चित्रावर वाकले आणि हळूच म्हणाले, "जांभळीच होती गं. मी चुकलो."