मानेतली पांढरी रेघ

मित्रांनो, मी एक जुने एमआरआय यंत्र आहे, पण मला म्हातारे म्हणू नका! पुण्यात बरीच वर्षे राबून मी शिरूरला आले. भिंत फोडून क्रेनने मला आत घेतले, तेव्हा बघ्यांनी रस्ता अडवला होता.

माझ्या पोटात भलेमोठे चुंबक आहे. न कापता मी शरीराच्या आतले चित्र काढते. मानेच्या मणक्यांतून मज्जारज्जू जातो, मेंदूचे निरोप हातापायांना पोचवणारी दोरीच. तिच्याभोवतीचे पाणी माझ्या चित्रात पांढरे दिसते. मणक्यांमधली चकती मागे सरकली की ते पाणी हटते आणि दोरी चेपते.

गेल्या वर्षी दौंडचे मारुतराव आले, ते स्ट्रेचरवरून. पाय लटपटतात म्हणून वर्षभर त्यांची कंबर चोळली गेली होती. दुखणे मानेत निघाले, फार उशिरा; चेपलेल्या मज्जारज्जूवर कायमच्या इजेचा डाग पडला होता. त्यांची मुलगी बाहेर त्यांच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

म्हणून यंदा निमोण्याच्या सिंधूबाई भिंत धरत आल्या, तेव्हा मी कान टवकारले. त्यांचा मुलगा गोकुळ टेक्निशियन मोनिकाशी वाद घालत होता.

“मॅडम, आईचं पाय लटपटत्यात. मानेचा फोटो कशाला? कमरेचा काढा.”

“डॉक्टरांनी मानच लिहिलीय, दादा.”

“मग ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं एक जण हाय, मान-कंबर एका झटक्यात मोकळी करतो.”

झटका! मला ओरडावेसे वाटले. पण ओरडल्या सिंधूबाई.

“गप ए! बोटं चालत न्हाईत, पोलक्याचा हुक लागत न्हाई मला. रोज सूनबाई लावती. पोराला कसं सांगायचं असलं?”

गोकुळ वाटेतून बाजूला झाला. हातही बिघडले, म्हणजे दुखणे कमरेत नव्हे, वर मानेत असणार!

“घाला मला त्या बोगद्यात. लई वाजलं तर मी बी वरडंन!”

मग काय, धडाड् धडाड्! सिंधूबाई जराही हलल्या नाहीत. पडद्यावर पांढरी रेघ उतरत आली आणि मानेत मधेच तुटली. मज्जारज्जू चेपला होता! पण मारुतरावांच्या चित्रातला तो डाग त्यात नव्हता. अजून वेळ होता!

डॉक्टरांनी चित्र दाखवले. “या मानेला झटका दिला असतात, तर आई कदाचित उठल्याच नसत्या.” गोकुळने तिथूनच त्या माणसाला फोन केला, “येऊ नका.”

शस्त्रक्रिया पुण्यात झाली. पुढे तपासणीला आल्या, तेव्हा सिंधूबाई गोकुळचा हात झटकून म्हणाल्या, “तू हो फुडं. मी येती चालत.”

मित्रांनो, घरात कुणाच्या हातून भांडी निसटू लागली, पाय अडखळू लागले, तर त्यांची मान कुणाला मोडू देऊ नका. डॉक्टरांकडे न्या. ती माणसे आपणहून सांगत नाहीत. तुम्हीच विचारा, आणि आजच विचारा.