आत्याच्या चार बरण्या

माझ्या सासूने स्वतःच्या आतड्यांसाठी बरणी करायला सांगितली, तेव्हा माझा नवरा बदावी आमच्या दगडी वस्तूंच्या कारखान्याच्या दारात दगड घासत बसला होता.

"चार लागतील," ती म्हणाली. "एक कलेजीला, एक फुप्फुसाला, एक पोटाला, एक आतड्यांना. झाकणांवर माणूस, माकड, कोल्हा आणि ससाणा. माकडाचं तोंड तुझ्या आजीसारखं आलं पाहिजे."

"गिऱ्हाईक कोण आहे?" बदावीने मान वर न करता विचारलं.

"मी. मी मेले की मला पुरायचं नाही. जुन्या लोकांसारखं खारात सुकवायचं, तेल चोळायचं आणि पट्ट्या गुंडाळून ठेवायचं. मेंदू नाकातून ओढून काढतात म्हणे. माझा फारसा सापडायचा नाही, पण बघा."

बदावीच्या हातातली कानस खाली पडली. मी आत पीठ मळत होते. हसू दाबायला तोंडावर हात ठेवला आणि पिठाची मिशी घेऊन दुपारपर्यंत घरभर फिरले.

सासूचं नाव दहब. हज करून आल्यापासून सगळा गाव तिला हाज्जा दहब म्हणे. मी मात्र आत्याच म्हणायची, कारण ती माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आम्ही दोघी तोडच्या, म्हणजे नाईलच्या पूर्वेच्या काठावरच्या. दोघींना दिलं ते पश्चिमेला, कुर्नात. इथे जमिनीवर जेवढी माणसं त्याहून जास्त जमिनीखाली. सरकारने गाव डोंगरावरून खाली हलवलं त्याआधी आमच्या जुन्या घराच्या न्हाणीमागे कोणीतरी मोठा अधिकारी चार हजार वर्षं झोपलेला होता, आणि आत्या त्याला शेजारी म्हणायची. "आजवर कधी साखर मागायला आला नाही," असं त्याचं कौतुक करायची.

तिचं हे नवीन खूळ ईदपासून सुरू झालं होतं. ईदला आम्ही सगळे घराण्याच्या दफनभूमीत गेलो होतो. तिथे बायकांची वेगळी खोली आहे, जमिनीखाली, विटांची. आत वाळूवर सगळ्या ओळीने निजवलेल्या. राखणदार मोठ्या अदबीने म्हणाला, "हाज्जा, तुमची जागा ठेवलीय. वहीबाबाईंच्या अगदी शेजारी."

वहीबा म्हणजे आत्याची सासू, बदावीची आजी. मी तिला पाहिलेली नाही, पण तिच्या गोष्टी इतक्या ऐकल्यात की जिन्यावर पाऊल वाजलं तर ओळखेन. भाकऱ्या मोजून टोपलीत ठेवायची. सुनेचे हात हुंगायची, तूप चाटलं का ते बघायला. कोठीची किल्ली वेणीत बांधून झोपायची.

घरी परतताना आत्याने दोन्ही मुलांना साधं, सरळ सांगितलं होतं. "मला इथे ठेवू नका. तोडला न्या. माझ्या बहिणीशेजारी, नईमाशेजारी ठेवा."

"शोभतं का हे?" मोठे दीर तय्यिब म्हणाले होते. "नवऱ्याच्या घराण्याची जागा असताना बाई माहेरी पुरायची? गाव म्हणेल, यांनी आईला मेल्यावर हाकलून दिलं."

बदावीही म्हणाला, "आई, असं काही बोलत जाऊ नकोस." विषय तिथेच संपला. दोन-चार दिवस गेले. मग बरण्या निघाल्या.

तय्यिब भाऊजी राजांच्या खोऱ्यातल्या थडग्यांत परदेशी पाहुण्यांना फिरवतात. बातमी त्यांना खोऱ्यातच कळली. ते गाडीतून उतरले ते ओरडतच.

"आई, काय चाललंय? आपण मुसलमान आहोत!"

"मग? रोज सकाळी गोऱ्या बायकांना कोण सांगतं, 'बाई, या लोकांनी मरणाला हरवलं'? सांगताना तुझे डोळे भरून येतात. मी पाहिलंय."

"ते पोटासाठी, आई!"

"माझंही पोटासाठीच आहे. बरणीत ठेवायचंय."

भाऊजी खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं. आत्या बोलतच होती.

"आणि मातीच्या दासी हव्यात, भरपूर. वर कुणी कामाला हाक मारली की त्या उठून 'आले' म्हणतात, असं तूच सांगतोस ना? मी जन्मभर पीठ मळलंय. वर मी मळणार नाही. हृदय तेवढं आत राहू द्या, ते तराजूत घालतात."

"दुसऱ्या पारड्यात पीस असतं," भाऊजी सवयीने बोलून गेले आणि मग स्वतःचीच जीभ चावली.

"आणि हृदय जड निघालं तर, आत्या?" मी विचारलं.

"मगरीच्या तोंडाची एक बया बसलेली असते, ती गिळते. म्हणून छातीवर दगडी भुंगा ठेवायचा. त्याच्यावर लिहायचं, 'हृदया, माझ्याविरुद्ध बोलू नकोस.' बदावी, भुंगाही कर, बाळा. चांगला मोठा. या पोरीच्या, या रतीबाच्या लग्नात मी काय काय बोलले, ते सगळं हृदयाला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून खाराचं पोतं आणवलं. ते घराच्या दारात ठेवलं आणि त्याच्यावरच ठाण मांडून बसली. येणारा-जाणारा विचारी, "हाज्जा, एवढा खार कशाला?" ती म्हणे, "मुलांनी मला खारवायचं ठरवलंय." बायका तोंडाला ओढणी लावून पळत. बाप्ये भाऊजींच्या नावाने देवाची क्षमा मागत. मशिदीत भाऊजींच्या शेजारी नमाजाला कोणी उभं राहीना. बदावीने लाजेकाजेस्तव एक बरणी करायला घेतली होती. माकडाचं तोंड खरंच आजीवर गेलं, तेव्हा घाबरून त्याने ते कापडाखाली झाकून ठेवलं.

शेवटी दोघांनी शेख मुआवदना बोलावलं. शेख म्हणजे गावाचे इमाम, म्हातारे, दम्याचे, बोलणं मऊ. अंगणात बाकावर बसले. मी काळा चहा केला, त्यांना आवडतो तसा, साखर जास्त. मोठ्या जाऊबाई आणि मी दाराआड उभ्या राहिलो.

"हाज्जा," शेख म्हणाले, "हे शरीर म्हणजे देवाची ठेव. मेलेल्याचं पोट फाडणं हराम आहे."

आत्याने मोठा उसासा टाकला. "बरं. बरण्या राहू द्या."

बदावीने श्वास सोडला.

"पण सुकवायला काय हरकत आहे?"

"मेलेल्याला लवकरात लवकर मातीत द्यावं, हाज्जा. सुकवत बसायचं नाही."

"खारही गेला. मेंदू?"

"मेंदूला कोणी हात लावायचा नाही!" शेखना खोकला आला.

"पट्ट्या तरी?"

"कफन असतंच की. बाईला पाच कापडं."

"पाचात भागवा म्हणता. दासी?"

"मूर्ती आहेत त्या, हाज्जा, मूर्ती!"

आत्याने ओढणीने डोळे पुसले. डोळे कोरडे होते, मला दाराआडून दिसत होतं. "सगळंच काढून घेतलंत. आयुष्यभर दिलं ते खाल्लं, सांगितलं ते केलं. म्हातारीची एक तरी इच्छा पुरवाल की नाही?"

भाऊजींचा अंगरखा घामाने पाठीला चिकटला होता. "आई, धर्मात बसेल ते काहीही माग. शेखसाहेबांसमोर शब्द देतो."

"मग मला तोडला न्या. नईमाच्या शेजारी."

"एवढंच ना!" दोघं भाऊ एकदमच म्हणाले.

म्हणाले आणि भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं. पण शब्द बाहेर पडून गेला होता. शेख चहाच्या पेल्यात बघत होते आणि त्यांची दाढी हलत होती.

"तोड काही लांब नाही," ते म्हणाले. "हरकत नाही. हाज्जा, तुम्ही दुकानावर बसायचं सोडायला नको होतं."

बदावीच्या वडिलांमागे कित्येक वर्षं आत्यानेच दुकान चालवलं होतं. पहिला भाव असा सांगायचा की गिऱ्हाइकाने छातीला हात लावला पाहिजे, हे तिने मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

दाराआड जाऊबाई काहीतरी हिशेब करत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे वहीबाबाईंच्या शेजारी आता कोण?"

"मान मोठ्यांचा," मी म्हटलं. त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी आत्या पोत्यावरून उठून माझ्याजवळ भाजी निवडायला बसली. मी म्हटलं, "आत्या, एवढं सोंग त्या वहीबासाठी?"

तिने बराच वेळ एकच काडी सोलली. "भाकऱ्या मोजल्या, ते मी कधीच सोडून दिलं. नईमा गेली तेव्हा निरोप सकाळीच आला होता. घरात गव्हाची रास पडली होती. वहीबा म्हणाली, भट्टी पेटलीय, आधी भाकऱ्या उतरव. मी उतरवल्या. नदीवर पोचले तर पलीकडून माणसं परत येत होती, हातापायांना माती लागलेली." मग तिने काडी टाकून दिली. "माझ्यापेक्षा लहान होती. अंधाराला भ्यायची."

ते पोतं आम्ही पुढे कपडे धुण्यात संपवलं. गावात मात्र भलताच परिणाम झाला. एक-एक म्हातारी आत्याकडे येऊन हळूच युक्ती विचारू लागली. एकीने तर घरी जाऊन सांगितलं, मला सोन्याच्या पेटीत ठेवा. मुलाने घाबरून तिला गच्चीवर वेगळी खोली बांधून दिली. शेखसाहेबांची बायकोही एकदा येऊन गेली. काय बोलली, ते आत्याने सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी थंडीत, ऊस तोडणीच्या दिवसांत, आत्या गेली. सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत डोळे मिटले.

घराण्यातले चुलते जमले. तोडचं नाव निघताच कुजबुज सुरू झाली. ज्येष्ठ चुलत्यांनी काठी आपटली. "बाईच्या थट्टेवर कुणी मयत नदीपार नेतं का?"

मला वाटलं, तय्यिब भाऊजी आता मान खाली घालतील. त्यांनी घातली नाही. "थट्टा तिची होती, काका. शब्द माझा आहे." आणि स्वतः जनाज्याला खांदा दिला.

पुलाने गाडी गेली असती, पण भाऊजींनी नाव ठरवली. बायकांनी दफनाला जायची आमच्याकडे रीत नाही. मी काठावर थांबले. नाव सुटली तेव्हा भाऊजी पाहुण्यांना सांगतात त्या आवाजात म्हणाले, "हजारो वर्षं सगळे मेलेले त्या काठावरून या काठावर आले. माझी आई एकटीच उलटी निघाली." आणि लहान मुलासारखे रडू लागले. नाव पलीकडे लागली. तिथे माझे भाऊ, चुलतभाऊ, सगळे घोट्यापर्यंत पाण्यात उतरून उभे होते.

बदावी ऊन उतरल्यावर परतला. हातपाय धुतले, भाकरी मोडली, खाल्ली मात्र नाही.

"ठेवली?" मी विचारलं.

"ठेवली. नईमामावशीला अगदी लागून."

"आणि दुसऱ्या बाजूला?"

"जागा रिकामी आहे." तो ताटात बघत राहिला. "तुझा भाऊ विचारत होता, रतीबासाठी राखून ठेवू का."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तिलाच विचारतो."

मी त्याच्यापुढे मोलोखियाच्या पातळ भाजीची वाटी सरकवली. "बघू," मी म्हटलं. तेव्हापासून बघतेच आहे. हल्ली तो पिठाचं पोतं स्वतः आत आणून ठेवतो.