कुंपणापल्याडचे काटवल

आयक ना गा दोस्ता, मधात बोलू नको, फक्त आयक. मी काटवलाची वेल, तुमी कर्टुलं म्हणता ना, त्याची. मादी वेल. आमच्यात नर वेगळा, मादी वेगळी, जमिनीतले कांदे बी वेगवेगळे. शाऐंशी साली चामोर्शीकडच्या नथ्थूनं आम्हा दोघांले जंगलातून खणून आणलं आन् आपल्या कुंपणाखाली लावलं.

पाऊस लागला, आम्ही फुलावर आलो. माझ्या फुलाखाली इवलीशी काटेरी गोळी असते, ते माझं लेकरू. नराच्या फुलाखाली गोळी नाई, नुसती दांडी. पण आत पिवळी भुकटी असते गा! सांजेले पतंगाचं पाखरू येते, ते भुकटी अंगाले लावून माझ्या फुलात आणते, तवाच माझ्या गोळीत बी धरते, तवाच ते फुगते.

नथ्थूले हे कुठी ठाव? तो नर उपटाले निंगाला, तं बायको वच्छला म्हणे, "राहू द्या ना जी, फुलून राह्यला तो."

"नुसता फुलते! फळ एक नाई. वांझोटा हाय," नथ्थू म्हणाला आन् नराले कांद्यासकट उपटून शेजारच्या लटारूच्या अंगणात भिरकावला.

लटारू म्हणे, "तुले नको तं मले दे, भाऊ." त्यानं तिथंच मातीत पुरला.

त्या साली माझ्या साऱ्या गोळ्या पिवळ्या पडून गळल्या. सारी लेकरं, गा! वरून नथ्थू म्हणे, "हे बी वांझोटीच निंगाली."

तवाच मनात धरलं, याले सोडाचं नाई.

पुढच्या पावसात मी डोकं काढलं आन् सरळ कुंपण चढली. नथ्थूच्या बाजूले एक फांदी ठेवली नाई. तो इकडं ओढे, मी पुन्हा तिकडं! नर भेटला, पाखरं आली, आन् काय फळली म्हणू! लटारूचं अंगण हिरवंगार लोंबून राह्यलं.

पोळ्याले नथ्थूचा जावई आला. "घरचे काटवल खाऊ घालतो तुमाले," सासऱ्याचा तोरा! आन् टोपली घेऊन उभा कुठी, तं लटारूच्या दारात.

"लटारू, वेल तं माही हाय ना बे."

"वेल तुही, भाऊ. पण लेकरं बापाच्या घरी हायेत!" लटारू पोट धरून हासला. "देतो ना. पह्यले सांग, वांझोटा कोन व्हता?"

जावई मागंच उभा. नथ्थूची मान जे खाली गेली, ते वर आलीच नाई. माझा काटा न् काटा खुशीनं फुलला.

वच्छला रोज बुडाशी पाणी घालते, म्हणते, "झालं ना बाई, आता इकडं ये." मी नाई जात. वेल उपटाच्या आधी थोडं वाकून फुलात पाहाले काय लागते गा?

खरं सांग दोस्ता, तुही लेकरं अशी गळली असती, तं तू काय केलं असतं?