आवारात राहणाऱ्यांची जागा

येसेनिया किरोझने हातातलं पेन टेबलावर आपटलं. कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाची घटना नव्याने लिहायला बसलेले सगळे तिच्याकडे बघत राहिले. काही विद्यार्थी पार्किंगमध्ये गाडीतच झोपतात, त्यांना झोपू द्यावं, हा विषय तिने पुन्हा काढला होता आणि अध्यक्ष कोल्टनने तो पुन्हा गुंडाळला होता. विषय मांडायचा हक्क प्रतिनिधींना. ती नुसती लिहून घेणारी. इकडे बेसबॉलच्या मैदानाजवळ पाटीसुद्धा लागली होती: सोमवारपासून रात्री दिसेल ती गाडी उचलून नेणार.

"पाटी आम्ही नाही लावली," कोल्टन म्हणाला. "पुढचं कलम वाच."

तिने वाचलं. कॉलेजच्या आवारात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी.

खोलीत हशा पिकला. या कॉलेजला वसतिगृह कधी नव्हतंच. कोण्या शहाण्याने फार पूर्वी एका बड्या विद्यापीठाची घटना जशीच्या तशी उतरवून घेतली होती आणि नंतर कोणी ती धड वाचलीही नव्हती. नोकरी करून रात्री शिकणाऱ्यांना तीत जागा नव्हती, आवारात राहणाऱ्यांना मात्र होती.

"खोड ते," कोल्टन म्हणाला. "इथे राहतं कोण? खारी?"

"खारीच उभ्या करू निवडणुकीला," खजिनदार डेस्मंड म्हणाला आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसला. हा डेस्मंड तिच्या डोक्यात जायचा. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, व्यायामशाळेत आंघोळ करून आलेला, केस ओले, शर्ट कडक इस्त्रीचा.

येसेनियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने जिवापाड लपवलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

"मी राहते. मैदानाजवळ, गाडीत. मागच्या सीटवर उशी आहे, चल दाखवते. नवी घटना मंजूर होईपर्यंत जुनीच चालू आहे ना? मग ही जागा मला द्या. माझा पहिला विषय ती पाटी."

कोल्टनने घाईघाईने पानं उलटली आणि त्याला हवं ते सापडलं. रिकामी जागा भरायची तर पुढच्या बैठकीत, म्हणजे महिन्याभराने. तो सॉरी म्हणाला, पण त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. सोमवार तोवर कधीच येऊन गेला असता.

"विषय मी मांडतो," डेस्मंड म्हणाला. "मी प्रतिनिधी आहे, मला हक्क आहे. आत्ताच."

"तुझं काय अडलंय मध्ये पडायला?" कोल्टनने विचारलं.

डेस्मंड बाहीचं बटण चाचपत राहिला.

"वाचनालयामागे रात्रभर उभी असते ती निळी गाडी," तो म्हणाला. "ती माझी आहे."

येसेनियाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हक्क असून हा दरवेळी शेजारी बसून गप्प राहिला, वर हसला. तिने पेन उचललं आणि विषय लिहायला घेतला. सवयीने 'काही विद्यार्थी' असं लिहून गेली, दरवेळी ती बोलायची तसंच. मग तिने ते खोडलं आणि वर लिहिलं, 'आम्ही'.