आपल्यातला उमेदवार

नोएडात स्वतःचा फ्लॅट, दारात गाडी, मुलगी इंग्रजी शाळेत, आणि खासदार मात्र खुर्ज्याचा! श्यामकांत करंदीकरला याची भारी लाज वाटायची. खुर्जा म्हणजे लोणच्याच्या बरण्यांचं गाव. पुण्याच्या भावाला तो ‘आम्ही दिल्लीत’ असंच सांगायचा. त्यात खुर्जा राखीव मतदारसंघ. हे दुखणं तो चारचौघांत बोलत नसे, पण होतं.

मग मतदारसंघांची फेररचना झाली. नोएडा नव्या गौतम बुद्ध नगरात गेलं आणि जागा खुली झाली. श्यामकांतला स्वतःलाच तिकीट मिळाल्यासारखा आनंद झाला. खुर्जा शहर या नव्या मतदारसंघातही आहेच, हे नकाशा पाहिला असता तर कळलं असतं. पण आनंदात नकाशे कोण पाहतो?

निवडणुकीच्या तोंडावर पाडवा आला. जेवायला मुरलीधर चांदेकर होता. मूळ नागपूरचा, केंद्र सरकारातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून शेजारच्या सेक्टरात आलेला. दर रविवारी दोघं फिरायला जात. इतक्या मोठ्या शहरात श्यामकांतला अरे-तुरे करणारा हा एकच माणूस. ‘कर’नं संपणारं आडनाव आणि शुद्ध मराठी, एवढ्यावर श्यामकांतनं त्याच्याबद्दलचं पुढचं सगळं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

“बरं झालं, राखीव सुटला,” श्रीखंड वाढून घेत श्यामकांत म्हणाला. “आता निदान आपल्यातला कुणीतरी येईल. काय मुरली?” उचलली जीभ लावली टाळ्याला.

“बाबा, आपल्यातला म्हणजे कोण? मराठी?” उल्कानं विचारलं. नोएडात वाढलेली पोर, तिला हा शब्द नवाच. “अच्छा, म्हणजे मुरलीकाका उभे राहू शकतात!”

मुरलीधर हसला. “राखीव होता तेव्हा राहू शकलो असतो, उल्का. आता अवघड आहे.”

श्यामकांतनं तोंडाकडे नेलेला पुरीचा घास ताटात परत ठेवला. कुमुदिनीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं घाईघाईनं मुरलीधरला आणखी वाढलं, नको इतका आग्रह केला. तो आग्रहही लाजिरवाणाच होता. मुरलीधरनं ताट स्वच्छ केलं, उल्काच्या परीक्षेची चौकशी केली आणि तो निघून गेला.

श्यामकांतला मग एकेक आठवू लागलं. आपल्या साहेबाला तो ‘कोट्यातला’ म्हणायचा. ‘बुद्धी रक्तातच असावी लागते’ हे तर प्रत्येक रविवारी. मुरलीधर शेजारून चालत असायचा आणि थोड्या वेळानं म्हणायचा, चल, चहा घेऊ. हे सगळं त्यानं ऐकून घेतलं होतं! नुसतं आठवूनच श्यामकांतचे कान तापले. कुमुदिनी एवढंच म्हणाली, “जाऊन या. फोनवर नको.”

दुसऱ्या दिवशी तो गेला. मुरलीधरनं दार उघडलं, पाणी दिलं, खुर्ची पुढे केली. श्यामकांतनं वाटेत चांगलं लांबलचक बोलणं जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

“मुरली, माफ कर यार,” तो कसाबसा म्हणाला. “शप्पथ सांगतो, मला माहीत नव्हतं.”

“ते मला माहीत आहे.”

“माहीत असतं तर मी असं कधीच बोललो नसतो.”

मुरलीधर चिडला असता तर बरं झालं असतं. तो थकल्यासारखा समोर बसला.

“बोलला असतास रे,” तो म्हणाला. “मी घरी गेल्यावर बोलला असतास.”

श्यामकांतनं ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं त्याच्याच्यानं बोलवेना.