आयती चिकटवलेली ओळ

घरी झोपताना श्वासाला मदत करणारी यंत्रं आमची कंपनी बनवते. यंत्रात पासवर्ड उघडा ठेवत नाहीत. त्याचा चुरा करून ठेवतात, त्याला आम्ही हॅश म्हणतो. आमची चुरा करायची पद्धत इतकी पोचट होती, की कुठल्याही टवाळाने दुपारभरात मूळ शब्द शोधून काढला असता. शेवटी सॉफ्टवेअर बांधायच्या साधनाच्या नव्या आवृत्तीतून ती पद्धतच काढून टाकली. साहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि यंत्रं बाजारात गेली.

मग मी सहज एक यंत्र उघडून पाहिलं. आत जुनाच चुरा होता. साधनाला साधा पासवर्ड दिला, तर ते नव्या पद्धतीने चुरा करतं; आधीच चुरा केलेली ओळ दिली, तर तिला हातही लावत नाही. कुणा शहाण्याने कधीकाळी तशी आयती ओळ चिकटवून ठेवली होती. सगळ्या यंत्रांत तीच. इंटरनेटवरून कुणीही आत शिरून झोपलेल्या माणसाची हवा बंद करू शकत होता.

"लोकांना कळवायला हवं," मी साहेबांना म्हणालो.

"पुढच्या आवृत्तीत बघू. बोभाटा केलास तर आधी तू घरी बसशील. वडिलांच्या औषधपाण्याचं कंपनी बघते, एवढं लक्षात ठेव."

मी 'बरं' म्हणून बाहेर आलो. साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

संध्याकाळी बाबांच्या खाटेशी लॅपटॉप घेऊन बसलो. त्यांचं यंत्रही आमचंच, चाचणीचं म्हणून माझ्या नावावर दिलेलं. ती ओळ काढली, नवा पासवर्ड घातला. बाबा मास्क हातात धरून बघत होते.

"काय बिघडलंय रे?"

"काही नाही. कुलूप बदललं."

"मग पलीकडच्या गल्लीतल्या कंपाउंडरचंही बदलून ये. त्याच्याकडे हेच आहे, आणि एकटाच असतो बिचारा."

त्याचं यंत्र विकत घेतलेलं; त्याला हात लावला, की कंपनीत नोंद होऊन साहेबांना लगेच कळणार होतं.

"सगळ्यांचं झालंय, बाबा."

त्यांनी उशाचा फोन उचलला. "अरे, आमचा पोरगा सांगतोय, तुझंही काम झालंय. आता निर्धास्त झोप."

फोन काढून घ्यावा असं फार वाटलं. हात पुढे झाला नाही.

"तो तुला आशीर्वाद देतोय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मास्क लावला.